उधारी: वहीतले येणे आणि हातातले पैसे

(कसबा पेठेत तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सीए नाही. पण दुकानांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिताना एक गोष्ट नेहमी दिसते. माल खपत नाही म्हणून धंदा बसतो, तसाच खपलेल्या मालाचे पैसे येत नाहीत म्हणूनही बसतो. तुमच्यापैकी कुणाचे गॅरेज आहे, कुणाच्या घरी शिलाईकाम चालते. उधारी सगळीकडे आहे.

आपण कसबा पेठेत बसलो आहोत, तर इथल्याच तांबट आळीचे उदाहरण घेऊ. समजा, एका कारागिराने तांब्याचा पत्रा रोखीने आणला, मठारकाम करून भांडी घडवली आणि व्यापाऱ्यांना उधार दिली. येणे झाले 60,000 रुपये. वहीत नफा दिसतो, पण पुढचा पत्रा आणायला गल्ल्यात पैसे नाहीत.

या 60,000 पैकी खरे किती? त्यासाठी प्रत्येक बिलाचे वय काढा. समजा 30,000 महिन्याच्या आतले, 20,000 एक ते तीन महिन्यांचे आणि 10,000 त्याहून जुने. आपल्या अनुभवावरून अंदाज करा: पहिल्यातले 2 टक्के बुडतील, दुसऱ्यातले 10, तिसऱ्यातले 50. म्हणजे 600, 2,000 आणि 5,000, एकूण 7,600. ही झाली बुडीत येण्यासाठीची तरतूद. भरवसा ठेवायचा तो 52,400 वर. घरखर्च, लग्न, नवे मशीन, सगळे या आकड्यावर ठरवा.

तरतूद हा अंदाज असतो. वसुलीची आशाच संपली की ती रक्कम वहीतून बुडीत म्हणून काढायची. पूर्ण हिशेब ठेवून आयकर भरणाऱ्याला ती खर्चात धरता येते. अट अशी की ती विक्री आधी उत्पन्नात दाखवलेली हवी. नुसत्या तरतुदीवर ही सवलत नाही. येणे खरोखर बुडाले हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही, वहीतून काढणे पुरेसे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात स्पष्ट केले.

इथे एक गैरसमज होतो. वहीतून काढणे म्हणजे माफ करणे नव्हे. बँक कर्ज निर्लेखित करते तेव्हाही कर्जदाराची सुटका होत नाही, वसुली चालूच राहते. तुमचाही हक्क राहतो. मात्र मुदत सांभाळा. विकलेल्या मालाच्या पैशासाठी साधारण तीन वर्षांत दावा करावा लागतो. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात.

माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे ठरलेली मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. काहीच ठरले नसेल तर 15 दिवस. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते आणि तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे नेता येते. आपल्यातल्या ज्यांना व्याज नको, त्यांनी मूळ रकमेचा आग्रह तरी सोडू नये.

आपल्याकडे अडचण असते ती लाजेची. “चाचा, पुढच्या महिन्यात देतो,” असे गिऱ्हाईक म्हणते आणि आपण लिहूनही ठेवत नाही. वास्तविक कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याची लेखी नोंद ठेवायला सांगते. तिच्या दोनच आयती आधी, 280 मध्ये, अडचणीतल्या देणेकऱ्याला सवड द्या, सोडून दिले तर अधिक चांगले, असा उपदेश आहे. दोन्ही एकत्र वाचा. ज्याची नोंदच नाही, ते माफ केले की नुसते विसरलो, हे आपल्यालाच कळत नाही. जकात काढतानाही खात्रीचे येणे आणि बुडायला आलेले येणे यांत अनेक उलमा फरक करतात. तो फरक करायलाही वहीच लागते.

म्हणून ऐपत असून टाळणारा आणि खरोखर अडलेला, या दोघांची नावे वेगळी लिहा. पहिल्याकडे तारीख घालून मागा. दुसऱ्याला सवड द्या किंवा माफ करा, आणि माफ केले तर त्याला तसे सांगा. तोंड चुकवून दुसऱ्या रस्त्याने जाणारा तो माणूस पुन्हा तुमच्या दुकानात येईल.