लोखंड विका, नाव विकू नका

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज भंगारावर बोलायचे आहे. हसू नका. बेल्ह्यापासून लोणी-धामणीपर्यंत कोणत्याही वस्तीवर जा. गोठ्यामागे एखादी जीप, एखादी फटफटी, नाहीतर इंजिन बसलेला ट्रॅक्टर बाभळीखाली गंजत पडलेला दिसेल. पावसाने दगा दिला, पेरणीला पैसा नसला, की भंगारवाल्याला हाक जाते. तो टेम्पो घेऊन येतो, नोटा मोजतो, गाडी ओढून नेतो. आपल्याला वाटते, ब्याद गेली.

माझीच गोष्ट सांगतो. मी जुनी जीप अशीच विकली. पावती नाही, सही नाही. आरसी बुक घरच्या पेटीत राहिले. दोन वर्षांनी मोबाईलवर दंडाचे निरोप येऊ लागले. ज्या शहरात मी कधी पाय ठेवला नाही, तिथे माझ्या नंबरची गाडी सिग्नल तोडत होती! माझी जीप तुटली की नाही, देव जाणे. नंबर मात्र जिवंत होता आणि नंबरापुढे नाव माझे होते. दंडावर भागले. त्या गाडीखाली माणूस सापडला असता तर?

त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 च्या निकालात दिले आहे. गाडी विकली, ताबा दिला, तरी परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. विमा नसलेल्या गाडीच्या अपघाताची भरपाई त्याच्याच बोडक्यावर. म्हणजे भंगाराचे चार पैसे घ्यायचे आणि बदल्यात जमीन गहाण टाकायची.

आपण अडाणी आहोत म्हणून हे होते का? मुळीच नाही. बेल्ह्याच्या बाजारात आपण बैल विकतो, तेव्हा पावती केल्याशिवाय दावे दुसऱ्याच्या हातात देत नाही. बैलाच्या बाबतीत आपण एवढे शहाणे, मग गाडीच्या बाबतीतच का चुकतो? कारण मेलेल्या गाडीला आपण मेलेले समजतो. सरकारी दप्तरात ती मरत नाही; ती आपल्याला मारावी लागते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 55 सांगते की गाडी कायमची निकामी झाली, तर 14 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवा, आरसी जमा करा, नोंदणी रद्द करून घ्या. चालती गाडी विकली, तर कलम 50 प्रमाणे 14 दिवसांत नाव बदलण्यासाठी कळवा.

भंगारात लोखंडाला किलोचा भाव असतो; नंबराला आणि कागदाला वेगळाच भाव असतो. चोरीच्या गाडीवर मेलेल्या गाडीचा नंबर ठोकला, की चोरी पांढरी होते. उत्तर प्रदेशात मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या तोडण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालला. पोलिसांनी तो डिसेंबर 2021 मध्ये बंद केला.

आता सरकारने नियम केले आहेत. सप्टेंबर 2021 च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत तोडणी केंद्राने गाडी चोरीची नाही ना ते तपासायचे, जमा केल्याचे प्रमाणपत्र द्यायचे, तोडल्यावर तोडल्याचे प्रमाणपत्र द्यायचे आणि चासी नंबराचा तुकडा सहा महिने जपून ठेवायचा. 1 एप्रिल 2025 पासून आणखी एक नियमावली लागू आहे. गाडी निकामी ठरली, की मालकाने 180 दिवसांत ती ठरलेल्या ठिकाणी जमा करायची. शेतीचे ट्रॅक्टर, ट्रॉली, कापणी-मळणी यंत्र आणि पॉवर टिलर यांना यातून वगळले आहे. तेव्हा पंधरा वर्षे झाली की ट्रॅक्टर जप्त होणार, ही आवई खोटी आहे. तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. पण ट्रॅक्टर निकामी झाला, तर कलम 55 त्यालाही लागू आहे, हे विसरू नका.

चोरीला आळा घालणाऱ्या कागदाला आपला विरोध नाही. आपला प्रश्न भावाचा आहे. ठरलेल्या केंद्रालाच गाडी द्या, असे कायदा म्हणतो. कायद्याने गिऱ्हाईक ठरवून दिले की काय होते, हे कापूसवाल्याला शिकवायला नको. 1972 पासून एकाधिकार खरेदीने तो धडा आपल्याला दिला. सरकार सांगते, भंगाराला नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण 4 ते 6 टक्के मिळतील. 10 लाखांच्या गाडीमागे 40 ते 60 हजार. ऐकायला गोड आहे. पण केंद्र लांब, नेण्याचा खर्च आपला, वजनकाटा त्यांचा. कापसाला ओलाव्याची काट, ज्वारीला कडता, तशी इथे मातीची आणि गंजाची काट लागणार!

आणखी एक गोष्ट. जमा केल्याच्या प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना करात सवलत मिळते. केंद्राने खाजगी गाडीसाठी तिची मर्यादा 25 टक्के ठेवली आहे. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येते. कोरडवाहू शेतकरी नवी गाडी कुठून घेणार? मग त्या कागदाचा पैसा त्याला मिळाला पाहिजे, मधल्याला नाही.

म्हणून आपली मागणी सरळ आहे. तालुक्याच्या गावी गाड्या गोळा करण्याची केंद्रे निघावीत. नियम पाळणाऱ्या गावच्या भंगारवाल्यालाही ते काम मिळावे; त्याचे पोट मारून आपले भले होणार नाही. गिऱ्हाईके अनेक असावीत, भाव फळ्यावर लिहावा, काटा आपल्यासमोर व्हावा आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद मिळेपर्यंत शेतकऱ्याला पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाचे हेलपाटे पडू नयेत.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. आपल्या हातात आहे ते आजपासून करा. कर्जाची गाडी असेल, तर बँकेचा दाखला आणि 35 नंबरचा फॉर्म घेऊन, सातबाऱ्यावरचा उतरवतो तसा आरसीवरचा बोजा उतरवा. थकलेला कर आणि दंड बघून घ्या. कोरी सही कोणाला देऊ नका. प्रमाणपत्र हातात घ्या आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. नंबराची पाटी भंगारवाल्याला खेळायला देऊ नका.

लोखंड गंजले तर गंजू द्या, ते आपण भावाने विकू. पण आपले नाव विकायला काढलेले नाही, एवढे गावोगाव जाऊन सांगा.