शिकाऊ समुपदेशक आणि कामगारांचा विमा

बोईसर-तारापूरच्या कारखान्यात 20 हजार रुपये पगार घेणाऱ्या कामगाराच्या पगारपत्रकावर कर्मचारी राज्य विम्यापोटी दरमहा 150 रुपये कापले जातात. मालक वर 650 भरतो. पाळीपाळीने रात्रपाळी करून झोप उडालेल्या, दारूकडे वळलेल्या माणसाला औषधाच्या जोडीला हवं असतं ते आठवड्याला तासभर कुणाशी तरी नीट बोलणं. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं, असं 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पण पैसे द्यायचे कुणाला? 2015-16च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांमध्ये 70 टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचाराविना आढळले, आणि तज्ज्ञ तर मोठ्या शहरांतच एकवटलेले. म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातल्या प्रशिक्षणार्थी समुपदेशकांना देखरेखीखाली बोईसर, पालघरला बसवावं आणि त्यांच्या सत्रांचे पैसे विम्याने त्यांच्या संस्थेला द्यावेत, असं मला ठामपणे वाटतं. अमेरिकेत काही राज्यांची मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी विमा योजना असे पैसे देते.

गरिबांवर शिकाऊंचे प्रयोग का, हा आक्षेप रास्त आहे. पण सरकारी रुग्णालयांत निवासी डॉक्टर शिकता शिकताच रुग्ण तपासतात, आणि त्यांच्यामागे वरिष्ठ उभे असतात. इथेही रुग्णाची आगाऊ संमती घ्यावी, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा रुग्ण त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावा. खोट्या बिलांची भीतीही खरीच; त्यासाठी पर्यवेक्षकाने नोंद वाचून सही केल्याशिवाय एकही सत्र मंजूर होऊ नये, आणि त्या वाचनाच्या वेळेचाही मोबदला दरात धरावा. नाहीतर सही नुसती उरकली जाईल.