रावेन्नाकरांचा चौक

रोमच्या माणसाला समुद्रावर जायचे असले, की तो ओस्तियाची लोकल पकडतो. ही गाडी 1924 साली सुरू झाली. टायबर नदीच्या मुखाजवळचे हे रोमचे उपनगर. राहत्या इमारती, शाळा, दुकाने आणि काळसर वाळूचा लांबलचक किनारा. पिएर पाओलो पासोलिनी हा कवी आणि चित्रपट-दिग्दर्शक 1975 च्या नोव्हेंबरात इथेच मारला गेला. साहित्यातली माणसे ओस्तियाला ओळखतात ती त्यामुळे. मला मात्र आज बोलायचे आहे ते ज्यांच्या नावावर एकही पुस्तक नाही, अशांविषयी.

प्राचीन रोमचे बंदर इथेच होते. नदी गाळ आणत राहिली, समुद्र मागे सरला आणि बंदर ओस पडले. मागे उरली आपल्याकडच्या खाजणासारखी दलदल आणि हिवताप. 1884 साली रावेन्नाहून सुमारे 500 मजूर ही दलदल उपसायला आले. गावात हाताला काम नव्हते. म्हणून आदल्याच वर्षी त्यांनी आपली सहकारी संस्था काढली होती. त्यांनी कालवे खणले. वाफेच्या पंपांनी पाणी उपसले गेले.

'मलेरिया' हा शब्दच इटालियन. अर्थ, खराब हवा. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात सापडतात, हे रोनाल्ड रॉस यांनी आपल्या सिकंदराबादेत दाखवले ते 1897 मध्ये. माणसाला हा ताप अॅनाफिलीस डासामुळे होतो, हे ग्रास्सी यांनी इटलीत सिद्ध केले ते त्यानंतरच्या वर्षी. तोवर रावेन्नाचे कितीतरी मजूर तापाने गेले होते. वैरी कानाशी गुणगुणत होता आणि माणसे हवेला दोष देत होती.

तिथली बरीच जमीन समुद्रसपाटीहून खाली आहे. त्यामुळे पंप आजही चालू ठेवावे लागतात. ते थांबले, तर दलदल आपली जागा परत मागेल.

घर घेताना आपण खिडकीतून समुद्र दिसतो का, ते विचारतो. पायाखालची जमीन कोणी कोरडी केली, हे विचारत नाही. ओस्तियात मात्र ऐन समुद्राकाठच्या चौकाचे नाव आहे 'पियात्सा देई रावेन्नाती', म्हणजे रावेन्नाकरांचा चौक. आपल्या शहरांतल्या किती चौकांना ते शहर उभारणाऱ्या मजुरांचे नाव आहे? उद्या घराबाहेर पडाल तेव्हा पाट्या जरा वाचून पाहा.