बालकांचीं रंगचित्रें आणि हातांचे खेळ
(जाम, जिल्हा वर्धा, येथें पालकांपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानांत मोठमोठे विषय घ्यावे असा प्रघात आहे. आम्हीं मात्र आज तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हातांतील खडू हा विषय निवडिला आहे. ज्यांस तो क्षुल्लक वाटेल त्यांनीं आपल्या घरच्या भिंतीकडे एकवार पाहावें. मुलाला तो किती महत्त्वाचा वाटतो हें तेथें दिसून येईल.

आपलें जाम हें रस्त्यांचें गांव. नागपूर, हैदराबाद, चंद्रपूर आणि वर्धा इकडील सारी वाहतूक येथून जाते, आणि जगांतील नवी वस्तु येथें यावयास फार वेळ लागत नाहीं. तशींच हीं छापील रंगचित्रें आलीं. आई मोबाइलवर चित्र शोधते, बाप झेरॉक्सच्या दुकानांतून त्याची प्रत आणितो, आणि मिकी उंदीर, डोरेमॉन किंवा छोटा भीम यांची रिकामी आकृति बाळापुढें येते. यांपैकीं मिकी १९२८ सालचा अमेरिकेंतला, डोरेमॉन १९६९ च्या अखेरीस जपानांत जन्मलेला, आणि छोटा भीम तर २००८ मध्यें आपल्याच रस्त्यावर पुढें लागणाऱ्या हैदराबादेंतून निघालेला. पाहुणे दुरून आलेले आहेत. त्यांचा अनादर करावा असें आमचें म्हणणें नाहीं.

मुलांनीं रंगवावयाचीं पुस्तकें अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच निघूं लागलीं होतीं. १९०३ सालीं तेथें मेणाच्या आठ रंगखडूंची ‘क्रेयोला’ पेटी पांच सेंटांस विकावयास आली, आणि रंग ही श्रीमंतांच्या घरचीच वस्तु राहिली नाहीं. आपल्याकडे दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं शाईचा धंदा सुरू केला. त्यांतूनच पुढें उंटाच्या छापाचे रंग घरोघरीं गेले. आज दहा-वीस रुपयांत मुलाच्या हातीं रंग देतां येतात, ही गोष्ट लहान नव्हे.

छापील चित्राचे कांहीं गुण आहेत, ते आम्ही आधींच कबूल करितों. रेघेच्या आंत रंग भरितांना बोटांस आवर येतो, डोळा व हात एकमेकांस ओळखूं लागतात, आणि आजारी मूल घटकाभर अंथरुणावर स्वस्थ बसतें. अशीं चित्रें द्यावयाचीं तर रेघ जाड, आकार मोठे व थोडे असावे. बारीक नक्षीचें चित्र तीन वर्षांच्या मुलास देणें म्हणजे त्याला रडावयास बसविणें होय. खडूही जाडच द्यावा; बारीक खडू त्या मुठींत मोडतो आणि मग मुलास बोल लागतो.

परंतु आमचें दुखणें निराळेंच आहे. आपल्याच वर्गांत आम्हीं एकदां पांच वर्षांच्या मुलांस कोरे कागद दिले व ‘बैल काढा’ असें सांगितलें. एकानें कागद परत केला आणि म्हणाला, “मले नाहीं येत. छापलेला द्या नं.” ज्याच्या दारांत बैलजोडी बांधलेली, जो पोळ्याला बैलाच्या शिंगांस रंग लावितो, त्यास बैल येत नाहीं! येत होता, पण दोन वर्षें दुसऱ्यांच्या सफाईदार रेघा पाहून आपली वांकडी रेघ त्यास लाजिरवाणी वाटूं लागली होती. व्हिक्टर लोवेनफेल्ड या ऑस्ट्रियांत जन्मलेल्या शिक्षकानें मुलांच्या चित्रकलेवरील आपला ग्रंथ १९४७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केला. रंगवावयाच्या पुस्तकांवर त्याचा आक्षेप नेमका हाच: त्यांनीं मुलाचा स्वतःवरील भरंवसा जातो.

मुलाच्या हाताची वाढ क्रमानें होते. दोन वर्षांचें मूल नुसत्या गिरगिट्या काढतें. पुढें त्या गोलांत मिटूं लागतात. मग एके दिवशीं त्या गोलास दोन डोळे फुटतात आणि खालून दोन काठ्या निघतात. पोट नाहीं, मान नाहीं, तरी तो माणूस असतो, आणि बहुधा ती आईच असते. अशा वेळीं “हें काय काढलेंस?” असें विचारण्यापेक्षां “याची गोष्ट सांग,” असें म्हणावें. डोरेमॉन निळाच असला पाहिजे म्हणून चार वर्षांच्या मुलास दटावणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. त्या बिचाऱ्या यांत्रिक मांजराची तशी कांहीं तक्रार नसावी!

या विषयाचा विचार करण्यास आपणांस परदेशीं जावयास नको. आपल्याच जिल्ह्यांत, वर्ध्यास, १९३७ च्या ऑक्टोबरांत शिक्षण परिषद भरली आणि हातांच्या उद्योगांतून शिक्षण द्यावें हा विचार महात्मा गांधींनीं तेथें मांडिला. १९४५ सालच्या सेवाग्राम परिषदेनंतर त्या योजनेंत सात वर्षांखालील मुलांस, म्हणजे पूर्व-बुनियादीस, स्थान मिळालें. शांतिनिकेतनांत नंदलाल बोस यांच्यापाशीं शिकलेले देवीप्रसाद १९४४ सालीं सेवाग्रामास आले आणि त्यांनीं अनेक वर्षें तेथील मुलांस चित्रें काढूं दिलीं. ‘काढूं दिलीं’ हा शब्द आम्ही जाणून वापरतों. मुलाला चित्रकार करणें हा त्यांचा हेतु नव्हता; तें मूल नीट वाढावें हा होता. वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योग संघाचें काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा, जे स्वतः ख्रिस्ती होते, त्यांच्या देखरेखीखालीं हातकागद तयार होत असे. गांवच्या टाकाऊ वस्तूंतून कागद होतो, ही गोष्ट आपल्या मुलांनीं एकदां डोळ्यांनीं पाहावी.

कागदाची घडी हाही थोर खेळ आहे. बालोद्यानाचे जनक फ्रेबेल यांच्या साधनांत घडीचे कागद होते. त्यांवरूनच सुचून टी. सुंदरराव यांनीं १८९३ सालीं मद्रासेंत कागदाच्या घड्यांतून भूमिति शिकविणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. ज्या आईस होडी व टोपी करितां येते तिनें भूमितीचा पहिला धडा दिलाच आहे.

आतां आपल्या घरचे रंग पाहूं. आपल्या समुद्रपूर तालुक्यांतील वायगांवच्या हळदीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ही हळद पाण्यांत कालवून कोऱ्या कागदास फांसावी, कागद वाळवावा, आणि कापसाच्या बोळ्यानें त्यावर साबणाच्या पाण्याची रेघ ओढावी. पिवळ्या कागदावर तांबडी रेघ उमटते! जेथें क्षार लागतो तेथें हळद लाल होते. मूल तें पाहून जसें ओरडतें तसें कोणत्याही छापील चित्रास ओरडत नाहीं. उन्हाळ्याच्या तोंडीं पळसाचीं फुलें पाण्यांत उकळिलीं कीं केशरी रंग मिळतो. नाताळांतील गव्हाणीच्या मेंढ्यांस बाजारचा कापूस कशाला? शेतांतील बोंडांचा कापूस पुठ्ठ्यावर मैद्याच्या खळीनें चिकटवावा, आणि गोठा पऱ्हाट्यांचा करावा. होळीच्या आधीं आपल्याकडे शेणाच्या चाकोल्या होतात. चंद्र, सूर्य आणि चांदण्या मुलें आपल्या हातांनीं थापतात. त्यांस कोणी हस्तकला म्हणत नाहीं एवढेंच.

आणि तान्हा पोळा! नागपुरांत दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळीं, १८०६ सालीं, तो सुरू झाला असें सांगतात. आपल्या जिल्ह्यांत सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा नांवाजलेला आहे. लांकडी बैल सजविणें हा केवळ मुलांसाठींच असलेला असा सण दुसरीकडे क्वचितच सांपडेल. हल्लीं मात्र आईबापच बैल सजवितात आणि मूल नुसती दोरी धरितें, कारण बक्षीस मिळवावयाचें असतें. बैलाची झूल मुलानेंच रंगवावी. वांकडी झाली तर वांकडी.

सावधगिरीचे दोन शब्द सांगणें अवश्य आहे. गुंजा दिसावयास सुंदर, पण त्यांचें बीं विषारी असतें, एरंडीचेंही तसेंच. त्या मुलांच्या हातीं कदापि देऊं नयेत. तीन वर्षांखालील मुलापुढें मणी, वाटाणे, चिंचोके ठेवूं नयेत, तीं नाकांत जातात. चुना डोळ्यांस घातक आहे, म्हणून हळदीच्या खेळास आम्हीं साबणाचेंच पाणी सांगितलें. पळसाचीं फुलें मोठ्या माणसानेंच उकळावीं.

पुढील महिन्यापासून वर्गांत प्रत्येक मुलास छापील चित्राबरोबर एक कोरा कागदही मिळेल, आणि कोरा आधीं दिला जाईल. घरीं आलेलें चित्र केरांत टाकूं नये. त्याच्या पाठीवर तारीख घालावी, मुलानें त्याची जी गोष्ट सांगितली ती त्याच्याच शब्दांत लिहावी, आणि ज्यांस लिहितां येत नसेल त्यांनीं ती आम्हांस येऊन सांगावी. आम्ही लिहून देऊं.