अंक कुणाच्या हातात?



२४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. या हक्काची पूर्वपीठिका सांगताना त्यात एका जुन्या लेखाचा उल्लेख येतो. सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस हे बॉस्टनचे दोन वकील. त्यांचा हा लेख डिसेंबर १८९० मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापून आला होता. ते नियतकालिक तेव्हा चार वर्षांचंही झालेलं नव्हतं आणि ते चालवत होते कायद्याचे विद्यार्थी.

आजही ते विद्यार्थीच चालवतात. पहिला अंक एप्रिल १८८७ मध्ये निघाला. म्हणजे एकशेतीसहून अधिक वर्षं दरवर्षी सगळे संपादक बदलतात आणि तरीही अंक निघत राहतो. नोव्हेंबर ते जून, महिन्याला एक, असे वर्षाला आठ अंक. हे कसं जमतं, त्यामागे कोणती व्यवस्था आहे, हे आज मला आपल्याला सांगायचं आहे. आपल्या महाविद्यालयांच्या वार्षिकांकांविषयी मला आस्था आहे, म्हणूनच सांगायचं आहे.

आधी संपादक होतं कोण, ते पाहू. हार्वर्डमधला कायद्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पहिल्या वर्षाची परीक्षा संपली, की इच्छुक विद्यार्थ्यांची एक लेखी कसोटी होते. तिचे दोन भाग असतात. एकात मुद्दाम चुका पेरलेला मजकूर दिलेला असतो, तो तपासून दुरुस्त करायचा. दुसऱ्यात एखाद्या ताज्या निकालावर टिपण लिहायचं, तेही दिलेल्या साहित्याच्या आधारानंच, बाहेरचं काही न वापरता. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. तपासणारे असतात आधीच्या वर्षीचे विद्यार्थी संपादक. पूर्वी बराच काळ नुसत्या परीक्षेच्या गुणांवर निवड होत असे. लेखी कसोटी नंतर आली. दरवर्षी सुमारे पन्नास जण आत येतात, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे मिळून एका वेळी शंभराच्या आसपास संपादक असतात.

या सगळ्यांना संपादकच म्हणतात. कामं मात्र वाटून दिलेली असतात. बाहेरच्या प्राध्यापकांचे आणि वकिलांचे लेख निवडणारी एक समिती, ग्रंथपरीक्षणांची दुसरी, विद्यार्थ्यांच्या टिपणांची तिसरी. नोव्हेंबरचा अंक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सरलेल्या सत्राला वाहिलेला असतो, त्यासाठी वेगळी माणसं. कोषाध्यक्ष वेगळा, छपाईपर्यंतचं वेळापत्रक सांभाळणारे व्यवस्थापकीय संपादक वेगळे. पगारी नोकर मोजकेच, तेही व्यवसायाची बाजू पाहण्यापुरते. मजकुराचा निर्णय त्यांच्याकडे नाही आणि प्राध्यापकांकडेही नाही. संस्था कायद्यानं विद्यापीठापासून वेगळी नोंदवलेली आहे. आवारात गॅनेट हाऊस नावाची १८३८ सालची पांढरी, खांबांची इमारत आहे. १९२५ पासून या नियतकालिकाचा संसार तिथंच आहे.

लेख निवडताना लेखकाचं नाव झाकलेलं असतं. विचार करा, देशातला नामांकित प्राध्यापक लेख पाठवतो आणि तेवीस-चोवीस वर्षांची मुलं तो वाचून नकार कळवतात. यावर टीका झाली आहे आणि ती पोकळ नाही. १९३६ मध्येच येलचे प्राध्यापक फ्रेड रोडेल यांनी अशा कायदेविषयक नियतकालिकांवर सडकून लेख लिहिला होता. तळटिपांच्या ओझ्याखाली भाषा मरते, असं त्यांचं म्हणणं. विद्यार्थ्यांना विषय पुरता कळत नाही, हा दुसरा आक्षेप आजही घेतला जातो. मला त्यात तथ्य दिसतं. पण नवख्या माणसाला जबाबदारी दिल्याशिवाय तो जाणता होणार तरी कधी? आणि ही मुलं एकेक तळटीप मूळ ग्रंथ उघडून ताडून पाहतात. इतकी मेहनत अनुभवी संपादकही क्वचितच घेतात.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक प्रथा. विद्यार्थ्यांनी लिहिलेला मजकूर तिथं नावाशिवाय छापला जातो. लिहितो एक, पण तो मजकूर इतक्या हातांतून जातो, की तो कुणा एकाचा राहत नाही, अशी त्यामागची भूमिका. नाव छापून येण्याच्या वयात नाव सोडून द्यायला शिकवणं ही मोठी गोष्ट आहे.

आता अध्यक्षाविषयी. मुख्य संपादकाला तिथं अध्यक्ष म्हणतात आणि संपादकच त्याला निवडून देतात. १९९० च्या फेब्रुवारीतली निवडणूक प्रसिद्ध आहे, कारण त्यात बराक ओबामा निवडून आले. या पदावरचे ते पहिले कृष्णवर्णीय. रिवाज असा होता, की उमेदवारांनी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी जेवण रांधायचं आणि बाकीच्यांनी बंद दाराआड एकेका उमेदवारावर चर्चा करायची. फेरीमागून फेरी होत राहते, नावं गळत जातात. त्या वर्षी उजव्या विचारांच्या संपादकांचा स्वतःचा उमेदवार गळाला, तेव्हा त्यांनी ओबामांना मतं दिली. हा माणूस आपलं ऐकून घेईल, एवढाच त्यांचा भरवसा होता. पुढं ओबामांनी महत्त्वाच्या जागांवर त्यांच्यातल्याही काही जणांना नेमलं. त्यावर ओबामांचे काही कृष्णवर्णीय सहकारी नाराज झाले. अध्यक्षाच्या हाती नेमणुकांचा अधिकार असतो आणि तो वापरताना जवळची माणसं दुखावतात, हे त्यांना तिथं, व्हाइट हाऊसच्या कितीतरी आधी कळलं असेल. २०२३ मध्ये अप्सरा अय्यर या पदावर निवडून आल्या; भारतीय वंशाच्या पहिल्या महिला अध्यक्ष.

या निवडणुकीची वेळ नीट पाहा. ती शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर होते, जानेवारी-फेब्रुवारीत. त्यामुळं मावळता अध्यक्ष निवड झाल्यावरही काही महिने आवारातच असतो. शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन तो जातो, तोवर नव्यानं सूत्रं घेतलेली असतात, दोन अंक अडखळत काढलेले असतात, आणि विचारायला जुना माणूस शेजारी बसलेला असतो. नामसप्ताहात पहाऱ्याची वीणा खाली ठेवत नाहीत, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तसंच हे. एवढ्या मोठ्या परंपरेचं टिकणं मला तरी या एका साध्या नियमात दिसतं.

पण नियमांची खरी परीक्षा वादाच्या वेळी होते. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गाझातल्या युद्धाविषयी एका पॅलेस्टिनी अभ्यासकाचा लेख हार्वर्डच्या या संपादकांनी स्वतःच मागवला होता, त्यावर संपादनही झालं होतं. प्रसिद्धीच्या तोंडावर तो थांबवण्यात आला. मग सगळ्या संपादकांची सभा बसली, तासन् तास वाद झाला, मतदान झालं आणि बहुमतानं लेख नाकारला गेला. हरलेल्या बाजूच्या संपादकांनी आपला विरोध जाहीरपणे नोंदवला. तोच अभ्यासक, रबिया एगबारिया, पुढच्या वर्षी कोलंबिया विद्यापीठात चर्चेत आला. ‘कोलंबिया लॉ रिव्ह्यू’च्या विद्यार्थी संपादकांनी त्याचा शंभर पानांहून मोठा लेख जून २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या संस्थेवर प्राध्यापक आणि माजी विद्यार्थ्यांचं संचालक मंडळ आहे. त्या मंडळानं नियतकालिकाचं संपूर्ण संकेतस्थळच बंद केलं. मंडळाचं म्हणणं होतं, की लेख सगळ्या संपादकांना वेळेवर दाखवला गेला नाही, नेहमीची पद्धत पाळली गेली नाही. विद्यार्थ्यांनी काम थांबवण्याचा इशारा दिला. काही दिवसांत संकेतस्थळ पुन्हा सुरू झालं, लेखही राहिला. सोबत मंडळाचं निवेदन जोडलं गेलं.

हार्वर्डचा निर्णय मला पटलेला नाही. मागवून, तपासून, पूर्ण केलेला लेख अखेरच्या क्षणी नाकारणं हा लेखकावर अन्याय आहे. तरीही तो निर्णय संपादकांनी घेतला, एकमेकांच्या तोंडावर बोलून, मतं मोजून. त्याचं ओझं त्यांच्याच खांद्यावर राहील. कोलंबियात विद्यार्थ्यांची पद्धत चुकली असेलही. पण ती चूक सांगायला, सुधारायला लावायला मार्ग होते. वडीलधाऱ्यांनी दिवा मालवला, की आत कोण काय करत होतं, हा प्रश्नच उरत नाही.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांतून वार्षिकांक निघतो. प्राचार्यांचं मनोगत, वर्षभराचे अहवाल, मराठी विभाग, हिंदी विभाग, इंग्रजी विभाग, गुणवंतांची छायाचित्रं. विद्यापीठं वार्षिकांकांच्या स्पर्धाही घेतात. या अंकांचं ऋण मोठं आहे. गावोगावच्या कितीतरी लिहित्या मुलामुलींची पहिली कविता तिथंच छापून आली. पण संपादक म्हणून नाव असतं ते प्राध्यापकांचं. विद्यार्थी असतात ते प्रतिनिधी. मुलं साहित्य गोळा करतात, प्रुफं वाचतात, मुखपृष्ठासाठी चित्र काढून देतात. काय घ्यायचं आणि काय वगळायचं, हे मात्र स्टाफरूममध्ये ठरतं. मी ज्या काळात शिकवत होतो, तेव्हा वसतिगृहातल्या पाण्याच्या टंचाईवर एका मुलीनं लिहिलेला लेख अंकातून गळाला. तिला कुणी कारण सांगितलं नाही. ती कुणाला विचारू शकेल, अशी सोयही नव्हती. नकार मिळाल्याचं तिला वाईट वाटलं असेल, पण कुणी, कशासाठी नकार दिला हे कळलंच नाही, याचं अधिक.

प्राध्यापकांवर दोष ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. वर्षाअखेर, परीक्षांच्या कामात, एकट्यानं अंक उभा करणारे कितीतरी शिक्षक मी पाहिले आहेत. अडचण व्यवस्थेची आहे. जूनमध्ये समिती नेमली जाते, सूचनाफलकावर यादी लागते, मार्चमध्ये मजकूर छापखान्यात जातो आणि समिती विरते. पुढच्या जूनमध्ये नवी यादी. आधीच्या समितीनं काय ठरवलं, कोणता लेख का परत केला, छापखान्याशी दर काय ठरला होता, याची एक वहीसुद्धा नव्या मुलांच्या हाती पडत नाही.

हार्वर्डचा पैसा, तिथली इमारत, तिथला दबदबा आपल्याकडे नाही. बंगळूरूच्या नॅशनल लॉ स्कूलसारख्या ठिकाणी विद्यार्थी आपली नियतकालिकं चालवतात, पण एखाद्या तालुक्याच्या कला-वाणिज्य महाविद्यालयाला ते मापही लावू नये. तरी काही गोष्टींना पैसा लागत नाही. कवितांवरची नावं झाकून त्या निवडता येतात. नाकारलेल्या प्रत्येक लेखकाला दोन ओळींचं कारण लिहून देता येतं. प्राचार्यांना एखादा मजकूर रोखायचा असेल, तर त्यांनी तो लेखी, सही करून रोखावा, असा नियम करता येतो. कायद्याची जबाबदारी त्यांच्यावर असते हे मला मान्य आहे, म्हणून तो अधिकार काढून घ्या असं मी म्हणत नाही. आणि अंकासाठीचं शुल्क अनेक महाविद्यालयांत प्रवेशाच्या पावतीवरच घेतलेलं असतं. त्या पैशाचा हिशेब विद्यार्थी संपादकाला पाहता यायला हवा.

सगळ्यात आधी एक करा. येत्या वर्षीचा विद्यार्थी संपादक जूनमध्ये नेमू नका. तृतीय वर्षाची मुलं अजून महाविद्यालयात असताना, फेब्रुवारीतच, आजवर अंकाचं काम केलेल्या सगळ्यांनी एका वर्गात बसून त्याला निवडावं. उमेदवारांनी काय करायचं आहे ते बोलावं, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत, मग मतं मोजावीत. त्या सभेचं इतिवृत्त एका वहीत लिहावं आणि ती वही निवडून आलेल्या संपादकाकडे द्यावी.