सामाईक दप्तराची निगा
(केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक व लिपिकवर्ग यांच्या सभेत केलेले भाषण)



आज मला अध्यापनाविषयी नव्हे, तर दप्तराविषयी बोलावयाचे आहे. शिक्षकांची सेवा, रजा, शाळांचा पट, साहित्यवाटप यांच्या नोंदी पूर्वी केवळ वह्यांत असत. आता त्यांपैकी पुष्कळशा संगणकावर असतात. शासनाच्या संकेतस्थळावर भरलेल्या माहितीचे रक्षण तेथील यंत्रणा करते. परंतु कार्यालयाने आपल्या सोयीसाठी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये जी सामाईक फाइल केलेली असते, तिचा रखवालदार आपल्याखेरीज दुसरा कोणी नाही. ही फाइल बिघडते कशी, बिघडू नये म्हणून काय करावे, आणि बिघडलीच तर कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम कारण पाहू. ही फाइल एका संगणकावर असते आणि चार-पाच जण आपापल्या संगणकावरून ती एकाच वेळी उघडतात. नोंद लिहून घेणारा मध्यस्थ तेथे नसतो. प्रत्येक संगणक तारेतून थेट त्या फाइलमध्ये लिहितो. फाइल आतून ४ किलोबाइटच्या पानांची बनलेली असते. एक नोंद करावयाची तरी ती नोंद ज्या पानावर आहे ते पान, तिच्या अनुक्रमणिकेचे पान, आणि मजकूर लांब असेल तर त्याचे वेगळे पान, अशी अनेक पाने लिहावी लागतात. जुना हिशेबनीस रोजकीर्दीत रक्कम मांडून खतावणीत उतरवण्यापूर्वीच उठून गेला, तर दोन्ही वह्यांचा मेळ बसत नसे. येथेही तसेच घडते. लिहिणे अर्ध्यावर असताना वीज गेली, तार निसटली, किंवा संगणक अडकला म्हणून कोणी बटण दाबून तो बंद केला, की एक पान नवे आणि दुसरे जुने राहते. यालाच आपण ‘फाइल करप्ट झाली’ असे म्हणतो.

कारण कळले म्हणजे उपाय आपोआप सुचतात. पहिला उपाय असा की, फाइलचे दोन भाग करावेत. नोंदींची कोष्टके तेवढी सामाईक फोल्डरमध्ये ठेवावीत. नोंदी भरण्याचे नमुने व अहवाल यांची वेगळी फाइल करून तिची स्वतंत्र प्रत प्रत्येकाच्या संगणकावर द्यावी. अ‍ॅक्सेसमध्येच यासाठी सोय आहे. दुसरे, हे काम तारेच्या जोडणीवरच करावे; वायफाय क्षणभर तुटले तरी बातम्या वाचणाऱ्याचे काही बिघडत नाही, नोंद लिहिणाऱ्याचे बिघडते. तिसरे, यूपीएस केवळ संगणकाला देऊन भागत नाही. सर्व तारा ज्या स्विचमध्ये एकत्र येतात, त्यालाही तो हवा. संगणक चालू राहिले आणि स्विच बंद पडला, तर परिणाम तोच. चौथे, ही फाइल गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून सर्वांनी वापरू नये. ती व्यवस्था संपूर्ण फाइलच्या प्रती इकडून तिकडे नेते, एकेका नोंदीचा मेळ घालीत नाही. पाचवे, फाइलचा आकार पाहत असावे. २ गिगाबाइट ही तिची मर्यादा आहे. छायाचित्रे व स्कॅन केलेले कागद तिच्यात भरू नयेत. ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून फक्त त्यांचा ठिकाणा नोंदवावा.

आता प्रतीविषयी. फाइल उघडी असताना शेजारीच ‘एलएसीसीडीबी’ या अक्षरांनी संपणारी एक लहान फाइल तयार होते. शेवटचा मनुष्य रीतसर बाहेर पडला की ती नाहीशी होते. सायंकाळी ती दिसत असेल, तर कोणीतरी अजून आत आहे, किंवा कोणाचा तरी संगणक अवेळी बंद पडला आहे, असे समजावे. ती नाहीशी झाल्यावरच दिवसाची प्रत काढावी. सोमवार ते शनिवार प्रत्येक वाराची प्रत वेगळी असावी, महिनाअखेरची प्रत वेगळी जपावी, आणि एक प्रत कार्यालयाच्या इमारतीबाहेर, जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तेथे एका दुपारी वीज गेली आणि सेवानोंदींची फाइल उघडेना. लिपिकाने दुरुस्तीची आज्ञा दिली, फाइल उघडली, सर्वांना हायसे वाटले. नोंदी मोजून पाहाव्यात हे कोणाला सुचले नाही, मलाही नाही. ‘दुरुस्ती पूर्ण’ या शेऱ्याखाली सही माझी होती. प्रत रोज निघत होती, पण एकाच नावाने, कालच्या प्रतीवर. त्यामुळे बिघडलेल्या फाइलने चांगली प्रत दुसऱ्याच दिवशी पुसून टाकली. पुढे काही महिन्यांनी एका शिक्षिकेचा निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव करताना तिच्या आरंभीच्या काही वर्षांच्या रजानोंदी सापडेनात. मूळ सेवापुस्तक शाबूत होते म्हणून प्रस्ताव निघाला. पण तो उशिरा निघाला, आणि त्या बाई आपली काही चूक नसताना कार्यालयाचे उंबरे झिजवीत राहिल्या. यंत्राने फसवले असे म्हणणे सोपे होते. खरे पाहता, न मोजता केलेली सही माझी होती.

यास्तव पुढचा क्रम ध्यानात ठेवावा. फाइल बिघडल्याची शंका येताच सर्वांनी काम थांबवून बाहेर पडावे. पुनःपुन्हा उघडून पाहू नये. बिघडलेली फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवावी व तिची एक प्रत घेऊन त्या प्रतीवर ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवावे. त्याने न भागल्यास नवी कोरी फाइल करून कोष्टके एकेक करून तीत आणावीत. मग कोणते कोष्टक अडते ते उघड होते. त्या कोष्टकातील चांगल्या नोंदी थोड्या थोड्या करून उतरवून घ्याव्यात. तेही न साधल्यास शेवटची चांगली प्रत घ्यावी आणि मधल्या दिवसांच्या नोंदी कागदावरून पुन्हा भराव्यात. यासाठी टेबलावर एक साधी वही असावी: तारीख, कोणती नोंद बदलली, कोणी बदलली.

फाइल उघडली म्हणजे काम संपले असे नव्हे. जी पाने वाचता येत नाहीत ती दुरुस्तीत गळू शकतात. अनुक्रमणिका तुटलेली असल्यास एकच क्रमांक दोघांना मिळू नये हा निर्बंधही निघून जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक कोष्टकातील नोंदींची संख्या आधीच्या प्रतीशी ताडावी, दुबार क्रमांक शोधावेत, आणि पाच-दहा नावे मूळ सेवापुस्तकाशी पडताळावीत. त्यानंतरच सही करावी.

काम वाढले, वापरणारे वाढले, तर एसक्यूएल सर्व्हर किंवा पोस्टग्रेसक्यूएल यांसारख्या व्यवस्थेकडे वळणे इष्ट. तेथे फाइलला फक्त सर्व्हरच हात लावतो आणि बदल प्रथम आपल्या रोजकीर्दीत नोंदवतो, त्यामुळे अर्धवट राहिलेले काम त्याला पुरे करता येते किंवा मागे घेता येते. परंतु तेथेही प्रत काढावीच लागते.

शेवटी एकच विनंती करतो. काढून ठेवलेली प्रत म्हणजे जतन नव्हे; उघडून, मोजून पाहिलेली प्रत म्हणजे जतन. महिन्यातून एकदा कोणत्याही वाराची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडावी, नोंदी मोजाव्यात आणि वहीत आकडा लिहून सही करावी. त्यास अर्धा तास पुरतो. आपल्या दप्तरातील प्रत्येक ओळ कोणाच्या तरी नोकरीची, रजेची वा निवृत्तीची असते. ती ओळ हरवली तर हेलपाटे त्या व्यक्तीला पडतात, आपल्याला नव्हे. एवढे स्मरण ठेवून आपण आजच आपापल्या कार्यालयातील शेवटची प्रत उघडून पाहावी, असे सुचवून मी आपली रजा घेतो.