म्हातारपणीचे हातकाम



आज आम्ही म्हातारपणीच्या हातकामाविषयी चार शब्द सांगणार आहोत.

'साठी, बुद्धी नाठी' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. साठ वर्षे झाली की माणसाची बुद्धी पळाली, असा तिचा अर्थ. आम्हांला ही म्हण पटत नाही. साठीनंतर पायांतले बळ कमी होते. नजर मंद होते. कान जड होतात. पण हातांनी जन्मभर जे केले, ते हात सहसा विसरत नाहीत. आजी गप्पा मारता मारता वात वळते. आजोबा न बघता दोरीला पीळ देतात. ही बुद्धी नव्हे तर काय?

मग अडते कुठे? नांगर धरवत नाही, भारा उचलवत नाही, म्हणून माणूस ओट्यावर बसतो. दिवस सरता सरत नाही. मग सुनेच्या स्वयंपाकाला नाव ठेव, नातवावर ओरड, असे सुरू होते. घरात कुरबुर वाढते. 'आपण आता कुणाच्या उपयोगाचे नाही' हा विचार आतून पोखरतो. त्यावर एक साधा उपाय आहे. हातांना त्यांच्या बळाइतके काम द्यावे. 'हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे' असे आपले जुने लोक म्हणत.

बसल्या जागी होणारी चार कामे आम्ही सांगतो. त्यांना मोठे भांडवल लागत नाही.

पहिले काम वातींचे. कापसातली सरकी काढावी. कापूस बोटांनी हलके हलके पिंजून मोकळा करावा. बोटांना किंचित दूध किंवा चिमूटभर राख लावावी, म्हणजे पीळ बसतो. निरांजनासाठी फुलवात करायची तर छोटा पुंजका घ्यावा, खालचा भाग गोल ठेवावा आणि वरचे टोक चिमटीत धरून पिळावे. समईसाठी लांब वात तळहातावर वळावी. नजर कमी असली तरी हे काम जमते, कारण ते बोटांना कळते. श्रावणात आणि दिवाळीत वातींना मागणी असते. शंभर शंभर वातींच्या पुड्या बांधाव्या. मोजताना नातवंडे बसवावी, त्यांचे अंक पक्के होतात.

दुसरे काम पत्रावळीचे. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच तीन पानांवर गावची पंगत उठत असे. पाने तरण्या माणसांनी आणावी. ती पुसावी, सुकवावी आणि दगडाखाली दाबून ठेवावी, म्हणजे सपाट होतात. टाचताना पाने कडक वाटली तर पाण्याचा हबका मारावा. मधोमध मोठे पान ठेवावे. भोवती दुसरी पाने अशी लावावी की एकाची कड दुसऱ्यावर येईल. फट राहिली तर आमटी जमिनीवर जाते. बांबूची बारीक चोय वरून टोचावी, खालून वर काढावी आणि मोडावी. झाला टाका.

या कामाला आता पुन्हा दिवस आले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लॅस्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर सगळ्या देशात बंदी आली. पानाची पत्रावळ जेवणानंतर उकिरड्यात टाकली की तिचे खत होते. यंत्रावर दाबलेल्या पत्रावळी बाजारात भराभर येतात, त्यांच्याशी चढाओढ करू नये. आपल्या गावचा सप्ताह, भंडारा, लग्नकार्य यांपासून सुरुवात करावी.

तिसरे काम दोरीचे. अंबाडी कापून तिच्या पेंढ्या पाण्यात भिजत घालतात. साधारण दहा-पंधरा दिवसांत साल कुजून सुटते. ती धुऊन वाळवली की वाख मिळतो. पाण्यात उतरण्याचे काम म्हाताऱ्यांनी करू नये, ते मुलांनी करावे. वाख हाती आला की मग म्हातारबांचे राज्य!

दोरी का उलगडत नाही, ठाऊक आहे? वाखाचे दोन पेड घ्यावे. दोघांनाही उजवीकडे पीळ द्यावा. मग ते दोन्ही एकमेकांवर डावीकडे गुंडाळावे. एक पीळ सुटायला बघतो, तेव्हा दुसरा जास्त आवळतो. म्हणून दोरी घट्ट राहते. पेड संपण्याआधीच त्यात नवा वाख मिसळावा. दोन्ही पेडांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत, नाहीतर दोरी तिथेच तुटते. अशा दोरीची दावी, शिंकी, बैलांची मुसकी होतात. नायलॉनचा दोर पावसात कुजत नाही हे खरे. पण गाईच्या मानेला तो काचतो. अंबाडीचे दावे मऊ असते.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. दोर वळण्याचे कसब आपल्याकडे मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपले. जाणत्या माणसाकडून ते शिकावे आणि त्याला गुरूचा मान द्यावा. अमुक काम हलके, तमुक काम भारी, हा विचार आता सोडा.

चौथे काम गोधडीचे. जुनी लुगडी, धोतरे स्वच्छ धुऊन घ्यावी. ती एकावर एक पसरावी, कोपऱ्यांवर दगड ठेवावे आणि मोठे टाके घालून कापड पक्के करावे. मग कडेपासून आत आत धावदोरा घालीत यावे. सुईत दोरा ओवणे म्हाताऱ्या डोळ्यांना अवघड जाते. त्याला युक्ती आहे. नातू शाळेला जाण्याआधी त्याच्याकडून पाच-सहा सुया ओवून घ्याव्या. दिवसभराची सोय झाली.

आता काळजीच्या गोष्टी. काम उजेडात करावे. पाठीला भिंतीचा टेका घ्यावा. थोड्या थोड्या वेळाने उठून चार पावले चालावे. बोटे दुखली की थांबावे. दिसायला फारच कमी झाले तर सरकारी दवाखान्यात डोळे दाखवावे. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने दृष्टी परत येऊ शकते.

घरातल्या तरुण मंडळींनाही आम्ही स्पष्ट सांगतो. हे काम म्हणजे म्हाताऱ्यांच्या भाकरीची किंमत नव्हे. आईबापांना सांभाळणे हे मुलांचे कर्तव्यच आहे. २००७ सालचा कायदाही तेच सांगतो. मुलांनी टाकले तर आईबापांना पोटगी मागता येते. 'आज किती वाती झाल्या?' असे दरडावून विचारू नका. ज्या दिवशी हात चालणार नाहीत, त्या दिवशीही ताट तितक्याच मायेने वाढा. चार पैसे आले तर ते त्यांच्याच हाती राहू द्या. आपल्या पैशाने नातवाला खाऊ आणण्यात म्हाताऱ्या माणसाला केवढे सुख असते!

'लोक काय म्हणतील? म्हाताऱ्यांना राबवतात म्हणतील' अशी भीती काही सुनांना वाटते. लोकांना खुशाल बोलू द्या. राबवणे वेगळे आणि मान देऊन काम देणे वेगळे. सासूबाईंना विचारून बघा, 'आत्याबाई, ही गोधडी कशी घालायची, मला दाखवता का?' बघा त्यांचा चेहरा कसा उजळतो ते.

आणि म्हाताऱ्या मंडळींनो, तुम्हांला एकच सांगणे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तुमच्या हातांत जो पीळ आहे, तो नातवंडांच्या हातांत उतरवा. पुस्तकातली अक्षरे आम्ही मास्तर शिकवू. पण वाखाचा पीळ आणि गोधडीचा टाका फळ्यावर लिहून येत नाही. तो हाताला हात लावूनच शिकवावा लागतो. तुमच्यामागे तो गावात राहायला हवा. तेव्हा आजच एका पोराला जवळ बोलवा, त्याच्या हाती चिमूटभर कापूस द्या आणि म्हणा, 'बस बाळा, असा पीळ दे.'